हातगुण



ज्या शल्यचिकित्सकांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांचा परिचय प्रास्ताविकात यथायोग्य झालाच आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी एवढेच सांगतो की, शस्त्रक्रियेच्या मेजाजवळ ते जेथे उभे राहत त्याच्या पलीकडे, हिरव्या पडद्याच्या दुसऱ्या अंगाला, रुग्णाच्या उशाशी उभा राहून मी उणीपुरी अठरा वर्षे त्यांच्या रुग्णांना भूल दिली. आणि यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्यापासून वणीपर्यंत खेड्यापाड्यांतून त्यांच्याविषयी जे एक वाक्य कानी येई, 'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे', त्याच वाक्याचे बोट धरून आज मला बोलावयाचे आहे. हातगुण हा शब्द आपल्या लोकांनी केवळ वैद्याकरिता राखून ठेवलेला नाही; तो सुइणीला लागतो, सरत्यातून बी सोडणाऱ्या बाईला लागतो, रोज रात्री दुधाला विरजण लावणाऱ्या आजीलाही लागतो, आणि ज्याच्या हाताला गुण आहे त्याच्या स्पर्शाने काहीतरी शुभ दुसऱ्याकडे संक्रांत होते अशी त्यामागे श्रद्धा असते. स्पर्शाने काहीतरी संक्रांत होते, हा त्या श्रद्धेचा पूर्वार्ध शास्त्राने अक्षरशः खरा ठरविला आहे. जे संक्रांत होते ते शुभच असते असे मात्र नाही, आणि माझ्या व्याख्यानाचा विषय तेथूनच सुरू होतो.

शस्त्रक्रियागृहात दोन प्रकारचे हात वावरतात. शल्यचिकित्सकाच्या हाताभोवती एक संपूर्ण आचारधर्म उभा आहे: नळाखाली कोपरापर्यंत घासणे, पाणी कोपरावरून खाली निथळावे म्हणून हात वर धरणे, सिस्टरने निर्जंतुक टॉवेल पुढे करणे, डगला व मोजे चढविणे, आणि एकदा ते झाले की त्या हाताने कंबरेखाली उतरावयाचे नाही, पाठीमागे जावयाचे नाही, दाराच्या कडीला शिवावयाचे नाही. एखाद्या सोवळ्यातल्या माणसाला कोणी चुकून धक्का दिला तर घरात जशी गडबड उडते, तशीच या हाताला कोणाचा धक्का लागला तर शस्त्रक्रियागृहात उडते, आणि ती उडावी हे योग्यच आहे. पडद्याच्या अलीकडे जो दुसरा हात असतो, भूल देणाऱ्याचा, त्याला असा कोणताही आचार नाही. सरकारी दप्तरात आमच्या शाखेचे नाव बधिरीकरणशास्त्र असे भारदस्त आहे, आम्ही टोपी घालतो, तोंडाला मास्क बांधतो, पण आमचा हात जन्मतःच ओवळा मानलेला, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि जिकडे कोणी पाहत नाही तिकडे शिस्तीचा अंमल बसत नाही, हा कारभाराचा जुना अनुभव आहे.

माझ्याकडे प्रथम ज्या व्यक्तीने पाहिले ती शस्त्रक्रियागृहाची फरशी पुसणारी मावशी होती. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, सकाळपासून तिसरे सिझर आटोपले होते, मी एका मातेच्या तोंडातील लाळ यंत्राने ओढून घेऊन त्याच हाताने तिच्या केसपेपरवर नोंद करीत होतो, आणि बादली खाली ठेवून मावशी मोठ्या साधेपणाने म्हणाली, "साहेब, थे कापणारे डॉक्टर इतका येळ हात धुतेत, तुमी काहून नाई धुत जी?" मी तिला काहीतरी उत्तर दिले. कापणाऱ्याचा हात पोटात जातो, माझा जात नाही, असे ते उत्तर असावे. ती पुन्हा फडक्याला लागली. पण ते उत्तर चुकीचे होते हे मला त्याच रात्री कळले, कारण घरी येऊन मी दिवसभरात माझा हात कोठे कोठे गेला याची मनाशी यादी करू लागलो आणि ती यादी संपेना.

त्या यादीतले एक अर्धे मिनिट आपल्यासमोर ठेवतो. रुग्ण निजला आहे, त्याचा श्वास औषधाने थांबला आहे, आणि श्वासनलिकेत नळी टाकावयाची आहे. डाव्या हातात लॅरिंगोस्कोप. उजव्या हाताची बोटे ओठ आणि दात विलग करतात. पाते जिभेला बाजूस सारीत आत उतरते, स्वरतंतूंची पांढुरकी कमान दिसते, नळी तीतून पुढे सरकते, सिस्टर पिचकारीने फुगा फुगविते. लाळेने माखलेले पाते जेथे जागा मिळेल तेथे, बहुधा औषधांच्या ट्रेच्या कडेवरच, टेकविले जाते. मग त्याच मोज्याने पिशवी दाबावयाची, त्याच मोज्याने भुलीच्या वायूची चकती फिरवावयाची, स्टेथास्कोप उचलून छातीच्या दोन्ही बाजूंना लावावयाचा, चिकटपट्टी फाडून नळी गालाला चिकटवावयाची, ड्रॉवर ओढून पुढचे इंजेक्शन काढावयाचे, आणि अखेर त्याच मोज्याने सलाईनच्या नळीवरचा थ्री-वे फिरवून औषध शिरेत सोडावयाचे. जेथे जेथे मोजा गेला तेथे तेथे लाळ गेली. अमेरिकेत मायामी येथील संशोधकांनी रुग्णाच्या जागी पुतळा ठेवून, त्याच्या तोंडात साध्या उजेडात न दिसणारे चकाकणारे द्रव्य लावून, भूल देणाऱ्यांकडून नेहमीप्रमाणे नळी टाकविली आणि मग खोलीत अतिनील प्रकाश पाडला, तेव्हा यंत्राच्या चकत्या, नळ्या, ट्रे, सलाईनचा थ्री-वे, सर्वत्र त्या द्रव्याचे ठसे उमटलेले दिसले. हातांत मोजे होते, हे ध्यानात घ्यावे. मोजा घातला की हात शुद्ध झाला ही समजूत आमच्या व्यवसायात खोलवर रुजली आहे, आणि मला वाटते ती मोजा न घालण्याहूनही अधिक घातक आहे, कारण उघड्या हाताची निदान माणसाला शंका तरी येते.

थ्री-वे या चिमुकल्या वस्तूविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची अनुज्ञा असावी. सलाईनच्या नळीला जोडलेली ही प्लॅस्टिकची तीन तोंडांची तोटी. तिचे एक तोंड पिचकारीसाठी मोकळे असते. त्या तोंडावर टोपण असावे असा दंडक आहे, परंतु टोपण पहिल्या इंजेक्शनलाच निघते आणि मेजाखाली कोठेतरी हरवते, आणि नंतरचे तास-दोन तास ते तोंड उघडे राहते. घराचा पुढचा दरवाजा बंद करून, दिंडीला कडीकोयंडा घालून, खिडकी सताड उघडी टाकावी तसा हा प्रकार आहे: शल्यचिकित्सकाने त्वचेवर बीटाडीनचे तीन थर द्यावेत आणि आम्ही रक्तप्रवाहात जाण्याची वाट मोकळी ठेवावी. न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ येथील भूलतज्ज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या आरंभी निर्जंतुक असलेल्या या तोट्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश तोट्यांत शस्त्रक्रिया संपेपर्यंत जंतू आढळले; आणि तीन वर्षांनी त्यांनीच दाखवून दिले की त्यांतील पुष्कळ जंतू प्रत्यक्ष भूल देणाऱ्याच्या हातावरचे होते.

यात भर पडते ती भुलीच्या आजच्या प्रमुख औषधाची. प्रोपोफॉल हे सोयाबीनचे तेल आणि अंड्यातील लेसिथिन यांच्या पाण्यात घुसळलेल्या मिश्रणात मिसळलेले असल्यामुळे दिसावयास दुधासारखे पांढरे असते, आणि जंतूंना ते दुधासारखेच मानवते. ज्या घरात रोज एक चमचा विरजणाने पातेलेभर दूध रातोरात बदललेले दिसते त्या घरातल्या माणसाला अदृश्य जीवांचे सामर्थ्य निराळे समजावून सांगावे लागू नये. सकाळी फोडलेली प्रोपोफॉलची कुपी दुपारपर्यंत तीन रुग्णांना वाटून घेणे म्हणजे विरजलेले दूध शिरेत सोडण्याची तयारी करणे होय. अमेरिकेत १९९० ते १९९३ या काळात सात रुग्णालयांतून असे संसर्ग उद्भवले आणि त्यांचा माग औषध हाताळण्याच्या ढिलाईपर्यंत लागला. कुपी स्वस्त नाही, उरलेले औषध टाकून देताना जीव तुटतो, आणि काटकसर हा आपल्या भागातील सद्गुणच आहे. तरीही एक कुपी एक रुग्ण, एक पिचकारी एक रुग्ण, यात तडजोडीला जागा नाही. पिचकाऱ्या पुन्हा वापरल्याने काय होते हे २००९ साली गुजरातेत मोडासा येथे कावीळ ब च्या साथीत दिसून आले.

आता इतिहासाकडे वळतो, कारण आमच्या शाखेच्या नावातच या प्रश्नाचे मूळ दडलेले आहे असे मला वाटते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टन याने ईथर देऊन पहिली जाहीर वेदनारहित शस्त्रक्रिया घडवून आणली. त्या अवस्थेला 'अ‍ॅनस्थेशिया' हे नाव सुचविले ते ऑलिव्हर वेंडेल होम्स या बोस्टनच्याच वैद्याने. आणि या होम्सने त्याच्या तीनच वर्षे आधी, १८४३ साली, एक निबंध लिहून आपल्या व्यवसायबंधूंना बजावले होते की बाळंतज्वर हा वैद्याच्या हातांनीच एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जातो. ज्याने आमच्या विद्येचे बारसे केले त्यानेच आधी आमच्या हातांविषयी इशारा दिलेला होता. त्याच्या एका वाक्यासरशी जगाने शब्द उचलला. इशारा उचलला नाही. फिलाडेल्फियाच्या एका नामांकित प्रसूतिशास्त्रज्ञाने तर वैद्य हे सद्गृहस्थ असतात आणि सद्गृहस्थांचे हात स्वच्छच असतात असा त्याला जबाब दिला. १८४७ च्या मे महिन्यात व्हिएन्ना येथे सेमेलवाइस याने शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याचा हुकूम केला. एप्रिलमध्ये शंभर बाळंतिणींत अठरा मरत होत्या, त्या उन्हाळ्यात तो आकडा दोनच्या आसपास आला. ईथर १८४७ च्या मार्चमध्येच कलकत्त्यात पोहोचले होते, म्हणजे शिडाच्या आणि वाफेच्या जहाजांच्या त्या काळात साडेपाच महिन्यांच्या आत. सेमेलवाइसची बादली शेजारच्या रुग्णालयातही पोहोचली नाही, आणि तो स्वतः १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात, हाताच्याच जखमेतील विषबाधेने मरण पावला.

भूल आणि जंतूंपासून बचाव या दोन कल्पनांपैकी एक वाऱ्यासारखी का पसरली आणि दुसरी का रेंगाळली, हा प्रश्न २०१३ साली एका दीर्घ लेखात ज्यांनी विचारला ते डॉ. अतुल गावंडे आपल्याच जिल्ह्याच्या मुळाचे आहेत. उमरखेड तालुक्यातील उटी हे त्यांचे पितृग्राम. त्यांचे वडील तेथील शेतकऱ्याच्या घरातून वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत गेले, आणि आपल्या आईच्या नावाने त्यांनी उमरखेडला महाविद्यालय उभे राहण्यास साह्य केले हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मुलगा होम्सच्याच बोस्टनमध्ये शल्यचिकित्सक झाला. डॉ. गावंडे यांचे उत्तर थोडक्यात असे की, भुलीचा लाभ डोळ्यांदेखत आणि तत्क्षणी होतो, किंकाळ्या थांबतात, शल्यचिकित्सकाचेही काम सुकर होते. उलट जंतूंशी झगडण्यात त्रास आज आणि लाभ पाच दिवसांनी, तोही न दिसणारा, कारण जो संसर्ग झालाच नाही तो कोणाला दाखविणार? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'बेटर' या पुस्तकातील पहिलेच प्रकरण हात धुण्यावर आहे, आणि स्वतःच्या हातूनही हे राहून जाते अशी कबुली त्यांनी त्यात दिली आहे, जी शल्यचिकित्सकाने छापून देणे सोपे नाही. माझी त्यात एकच भर आहे. त्या जलद कल्पनेचे आम्ही भूलतज्ज्ञ थेट वारस आहोत, आणि रेंगाळलेल्या कल्पनेत सर्वांत मागे राहिलो तेही आम्हीच; कारण जिने रुग्णाच्या वेदनेचा आवाज बंद केला त्या विद्येने, रुग्ण स्वतः काही पाहू शकणार नाही, बोलू शकणार नाही, हेही ओघानेच ठरवून टाकले. निजलेला माणूस कोणालाही विचारू शकत नाही की तुम्ही हात धुतलेत का. मावशीने विचारले ते त्याच्या वतीने होते.

अदृश्यतेची ही अडचण आपल्या जिल्ह्याने आणखी एका रूपात भोगली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी आणि शेतमजूर येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आले, त्यांतील कित्येकांना श्वासयंत्रावर ठेवावे लागले, आणि वीसहून अधिक माणसे दगावली. कीटकनाशकाला निदान उग्र वास असतो. सायंकाळी घरी येणारा माणूस राखेने, साबणाने हात घासतो, मुलाला उचलण्याआधी थांबतो. अतिदक्षता विभागात श्वासनळीतील स्राव ओढून घेणाऱ्या आमच्या हातावर जे विष असते त्याला ना वास ना रंग.

संशोधक सांगतात की भूल देण्याच्या एका तासात हात स्वच्छ करावा असे तीस-चाळीस प्रसंग येतात. २०१२ साली अमेरिकेतील एका गजबजलेल्या शस्त्रक्रियागृहातील निरीक्षण प्रसिद्ध झाले त्यात हे प्रसंग तासाला ३४ ते ४१ होते आणि त्यांपैकी ८२ टक्के वेळा हात स्वच्छ केला गेला नाही. हा आकडा वाचून आपण आमच्यावर रागवाल, आणि तो अधिकार आपणांस आहे. पण साधा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहा. मद्यार्काने हात नीट चोळण्यास किमान वीस सेकंद लागतात. छत्तीस वेळा वीस सेकंद म्हणजे तासातील बारा मिनिटे. ज्या माणसाने रुग्णाच्या नाडीवरून, श्वासावरून क्षणभर नजर काढू नये असा आग्रह आपण धरतो त्याच्याकडून दर तासाला बारा मिनिटे हात चोळण्याची अपेक्षा ठेवणे म्हणजे पाळताच येणार नाही असा हुकूम सोडणे होय, आणि असे हुकूम भिंतीवर राहतात. दरवर्षी ५ मे रोजी, जागतिक आरोग्य संघटनेच्या हात-स्वच्छता दिनी, पाच क्षणांचे चित्र असलेला फलक आमच्या भिंतींवर लागतो: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, शरीरद्रवाशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर, त्याच्या परिसराला स्पर्श केल्यावर. तो फलक वॉर्डासाठी उत्तम आहे. पण उशाशी उभ्या असलेल्या माणसाला पाचही क्षण एकाच मिनिटात येतात. म्हणून माझे मत असे बनले आहे की आमच्या बाबतीत उपदेशाने फारसे साधत नाही. जागेची आणि कामाच्या क्रमाची तजवीज बदलावी लागते, म्हणजे धुण्याचे प्रसंगच कमी होतील आणि जे उरतील ते हाताच्या टप्प्यात येतील.

ती तजवीज फार खर्चाची नाही. नळी टाकताना दोन मोजे एकावर एक चढवावेत. नळी गेली की वरचा मोजा पात्यावरूनच उलटा काढावा, म्हणजे लाळेचे पाते त्या मोज्याच्याच खोळीत बंद होते आणि आतला मोजा कोरडा राहून पुढची कामे करतो. मायामीच्या त्या प्रयोगातही दुहेरी मोज्याने ठसे पुष्कळच कमी झाले, आणि २०१९ साली अमेरिकेतील रुग्णालयीन संसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेने भूलतज्ज्ञांना जो सल्ला दिला त्यात याचा समावेश आहे. यंत्राच्या उजव्या हाताला स्वच्छ औषधांचा ट्रे, डाव्या हाताला वापरलेल्या वस्तूंचे तसराळे, आणि या दोहोंत सीमेचा तंटा कधीही नको. पिचकारी लावण्यापूर्वी थ्री-वेचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने घासावयाचे, अ‍ॅम्प्यूलची मान फोडण्यापूर्वीही तेच. भुलीच्या यंत्राच्या चकत्या दोन रुग्णांच्या मधल्या वेळात पुसावयाच्या. मेज पुसले जाते, फरशी पुसली जाते, पण ज्या चकतीला दिवसभरात सर्वांत जास्त हात लागतात ती कोणाच्याच कामाच्या वाटणीत नसते. आणि मद्यार्काची बाटली खोलीच्या दाराशी नको, यंत्राच्याच खांबावर हवी. डार्टमथच्या मंडळींनी २००९ मध्ये हेच आणखी पुढे नेले. भूल देणाऱ्याच्या कमरेलाच द्रवाची डबी अडकविली. तासाला एकदाही न चोळले जाणारे हात सात-आठ वेळा चोळले जाऊ लागले, दूषित थ्री-वेंचे प्रमाण शेकडा ३३ वरून ८ च्या आत आले, आणि रुग्णांतील संसर्गही उतरले.

येथे थांबलो तर व्याख्यान सुबक होईल, पण खरे होणार नाही. त्याच गटाने पुढे तीन हजारांहून अधिक रुग्णांवर केलेला मोठा प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हात चोळण्याचे प्रमाण वाढले, संसर्ग मात्र लक्षणीय घटले नाहीत. हात स्वच्छ करून पुन्हा घाणेरड्या चकतीवर ठेवला तर दुसरे काय होणार? नंतर आयोवा येथे हात, थ्री-वे, यंत्राची सफाई आणि रुग्णाच्या नाकातील जंतूंचा बंदोबस्त या सर्वांची एकत्र अंमलबजावणी केली, तेव्हा २०२० साली निष्कर्ष हाती आला की स्टॅफिलोकोकस जंतूचे संक्रमणही घटले आणि जखमा चिघळणेही. सुश्रुताने वैद्याची नखे व केस कापलेले असावेत, वस्त्र शुभ्र असावे असे सांगून व्रणागारात धूप घालण्याचाही आदेश दिला आहे. माणूस आणि खोली ही दोन्ही त्याने एकाच विचारात धरली होती हे मला नेहमी लक्षणीय वाटते.

आपल्याकडे पाण्याचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे तळाला गेली होती आणि यवतमाळच्या घराघरांत पाण्याच्या टाक्या ओळीने उभ्या होत्या, हे आपण विसरला नसाल. कोपरापर्यंत हात घासण्यास नळ सोडून ठेवावा लागतो, आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या रुग्णालयात तो नळ सर्वांच्या डोळ्यांवर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या मद्यार्क-द्रवाला पाणी लागत नाही, त्यावर कोणाची मिरासदारी नाही, आणि तो जिल्ह्यातल्या औषधशाळेतही बनविता येतो: इथेनॉल ८० टक्के, ग्लिसरॉल १.४५ टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५ टक्के, बाकी उकळून थंड केलेले पाणी. निव्वळ मद्यार्क अधिक प्रभावी असेल असे वाटते, पण तसे नाही. जंतूंची प्रथिने मोडण्यास थोडे पाणी असावेच लागते. हातावर रक्त किंवा घाण दिसत असेल तर मात्र साबण आणि पाणीच हवे. आणि हात पूर्ण वाळल्याखेरीज विजेच्या चाकूजवळ जाऊ नये, कारण हा द्रव पेट घेतो.

बाटली जवळ ठेवा असे म्हणताना ती कोठे ठेवू नये हेही मला या जिल्ह्यात सांगितलेच पाहिजे. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पोलिओ लसीकरणाच्या दिवशी, घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील १२ बालकांना लसीच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलविण्यात आले आणि ती सर्व बरी होऊन घरी गेली, ही परमेश्वराची कृपा. त्या प्रसंगात कोणाला शिक्षा झाली याची चर्चा पुष्कळ झाली. जी वस्तू पाजावयाची आणि जी हातांना लावावयाची त्या दोन्ही एकाच मेजावर, एकमेकींच्या शेजारी कशा आल्या याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. शस्त्रक्रियागृहात तर अर्धी औषधे रंगहीनच असतात. म्हणून द्रवाची बाटली औषधांच्या ट्रेमध्ये कधीही येता कामा नये, ती दुसऱ्या लहान बाटलीत काढून ठेवता कामा नये, आणि तिचा आकार औषधाच्या कोणत्याही कुपीशी मिळता नसावा. संसर्ग टाळण्याच्या उत्साहात नवा अपघात ओढवून घेणे हे ज्याने कापसी-कोपरीच्या आयांचे चेहरे पाहिले तो कधीच पत्करणार नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करावयाचा राहिला, तो अधिकाराचा. शस्त्रक्रियागृहात उतरंड कडक असते, आणि सिस्टरने डॉक्टरला, मावशीने सिस्टरला काही सांगणे शिरस्त्यात बसत नाही. डॉ. गावंडे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली शस्त्रक्रिया-सुरक्षिततेची १९ मुद्द्यांची यादी आठ शहरांत, त्यांत दिल्लीही होती, वापरून पाहिली तेव्हा मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आणि गुंतागुंती ११ वरून ७ वर आल्या, असा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. त्या यादीत चिरा देण्यापूर्वी सर्वांनी थांबून एकमेकांना नावे सांगावयाची असतात. जिचे नाव एकदा सर्वांसमोर उच्चारले गेले ती सिस्टर पुढे तोंड उघडते, हा त्यातला खरा मर्माचा भाग. चिरा देण्यापूर्वीच्या तासाभरात प्रतिजैविक गेले का, हा प्रश्नही त्या यादीत आहे, आणि ते द्यावयाचे आमच्याच हाताने, त्याच थ्री-वेमधून.

सेवानिवृत्त झाल्यावर मी जिल्ह्यातील एका लहान रुग्णालयात आठवड्यातून दोनदा भूल देण्यास जाऊ लागलो. तेथे यंत्राच्या डाव्या खांबाला अर्ध्या लिटरची बाटली बँडेजच्या पट्टीने बांधून दिली आणि सिस्टरला विनंती केली की ज्या दिवशी नवी बाटली लावाल त्या दिवसाची तारीख चिकटपट्टीवर लिहून बाटलीला चिकटवा. एका वेळी तीन मिलिलिटर धरले तर एका बाटलीत दीडशेहून थोडे अधिक वेळा हात चोळता येतात. पहिली बाटली पोळ्याला लावली ती दिवाळीपर्यंत पुरली. माझे वार सोडले तर तिला कोणी शिवत नव्हते. मी कोणाला काही बोललो नाही. फक्त प्रत्येक रुग्णापूर्वी, सर्वांच्या देखत, वीस सेकंद मोजीत उभा राहू लागलो. दुसरी बाटली महिनाभरात संपली. तिसरीच्या वेळी तेथील मावशीने आपण होऊन रिकाम्या बाटलीवरची पट्टी सोलून भिंतीवर चिकटविली, मग पुढची तिच्याखाली, आणि आता यंत्रामागच्या भिंतीवर तारखांची ती एक शिडीच झाली आहे, वरच्या पायऱ्या लांब लांबच्या, खालच्या अगदी जवळ जवळच्या. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा बाटलीवर चार दिवसांपूर्वीची तारीख होती आणि द्रव अर्ध्याच्या खाली उतरला होता.